फुकटची वस्तू चोरून विकणाऱ्यास खुले पत्र

रायपूरच्या संगणक-दुरुस्तीवाल्या भैयांना,

तुमचं किंवा तुमच्या दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. तात्यापाऱ्यातल्या एका लहान छापखान्यात तुम्ही जे करून ठेवलंत ते मात्र लिहिणार आहे. वाचलंत की स्वतःला ओळखाल.

त्या छापखान्याचे काका मराठी जुळणी करतात. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, गणेशोत्सवाच्या स्मरणिका. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, मराठी सण आहेत, मराठी लग्नं आहेत. हिंदी जुळणी शहरात कुठेही होते, पण तिथले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात, आणि ‘सुऱ्या’तला ‘ऱ्य’ त्या टंकांत बहुधा सापडतच नाही. ज्याला आपल्या लेकीच्या पत्रिकेवर मराठी वळणाचं अक्षर हवं असतं, तो काकांकडे येतो. तुम्ही हात घातलात तो या कामात.

काकांचं सगळं विंडोज एक्सपीवर चालायचं. पेजमेकरची ७ ही शेवटची आवृत्ती २००१ साली आली, ती ते वापरतात. तिला युनिकोड कळत नाही. सोबत टंकांचं जुनं पॅकेज, जे डोंगल नावाचं छोटं यूएसबी उपकरण लावल्याशिवाय उघडत नाही. त्या डोंगलचा ड्रायव्हर ३२ बिटांचा. जुना संगणक थकला, नवा आला, त्यावर विंडोज ११. ती ६४ बिटांचीच असते आणि ३२ बिटांचा ड्रायव्हर तिच्यावर चढत नाही. उपाय एकच होता: नव्या संगणकाच्या आत व्हर्च्युअल मशीन उभारून तिच्यात एक्सपी चालवायची. हे तुम्ही बरोबर ओळखलंत. म्हणूनच पुढच्या गोष्टींना अज्ञान हे कारण मी मान्य करत नाही.

पहिल्यांदा त्यासाठी तुम्ही विंडोजमधलंच हायपर-व्ही निवडलंत. ते विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही, म्हणून काकांना प्रो घ्यायला लावलंत. त्याची किल्ली एका चिठ्ठीवर लिहून दिलीत, बिल दिलं नाहीत. एक्सपी सुरू झाली, डोंगल दिसेना. दिसणार कसं? संगणकाला लावलेलं यूएसबी उपकरण जसंच्या तसं आतल्या मशीनच्या हाती सोपवण्याची सोय हायपर-व्हीत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ते उत्तम आहे. डोंगलवर पोट असलेल्या माणसाला ते निरुपयोगी आहे. निवड करण्यापूर्वी ‘काका, डोंगल आहे का?’ एवढं विचारायचं होतं. ते टेबलावर, तुमच्या समोर होतं.

मग तुम्ही पेनड्राइव्ह काढलीत आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनची क्रॅक केलेली प्रत चढवलीत. ती चढावी म्हणून अँटिव्हायरस बंद केलात, तो पुन्हा सुरू केला नाहीत, आणि या सगळ्याचे पैसे घेतलेत. भैया, हे सॉफ्टवेअर १९९९ पासून विकत मिळत होतं. मे २०२४ मध्ये ब्रॉडकॉमनं वर्कस्टेशन प्रो वैयक्तिक वापरासाठी मोफत केलं आणि ११ नोव्हेंबर २०२४ ला धंद्यासह सगळ्यांसाठी. एक खातं उघडायचं आणि अधिकृत प्रत उतरवून घ्यायची, एवढंच काम होतं. कंपनी जे फुकट वाटते आहे, त्याची चोरलेली, कोणी काय मिसळलं आहे हे ठाऊक नसलेली प्रत तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला विकलीत. काही आठवड्यांत ब्राउझरचं पहिलं पान आपोआप बदलू लागलं, कुठल्या कुठल्या जाहिराती उघडू लागल्या, आणि काका त्या संगणकावर बँकेचं पान उघडायला घाबरू लागले.

त्यावर कडी म्हणजे आतल्या एक्सपीला तुम्ही सरळ इंटरनेट जोडून दिलंत. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार थांबवला. पेजमेकरला इंटरनेट लागत नाही. काकांना बाहेर द्यायची असते ती पीडीएफ, आणि तिच्यासाठी दोन्हीकडून दिसणारं एक सामायिक फोल्डर पुरतं. आठ जीबी मेमरीतली सहा जीबी तुम्ही एक्सपीला दिलीत. ३२ बिटांची एक्सपी चारच्या पुढे पोचत नाही. एक जीबीत ती सुखानं चालते. बाहेरच्या विंडोजची मात्र उपासमार झाली आणि काकांनी ‘नवा डबाच खराब निघाला’ असं समजून स्वतःच्या खरेदीला दोष दिला.

आता व्हर्च्युअल मशीनसाठी मी त्यांना व्हर्च्युअलबॉक्स बसवून दिलं आहे. २००७ साली इनोटेक या जर्मन कंपनीनं ते आणलं, पुढे सनकडे आणि २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं. मूळ पॅकेज मुक्तस्रोत आहे, धंद्यात वापरायला मोकळं. वेगळ्या एक्स्टेन्शन पॅकचा मोफत परवाना मात्र वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरता आहे. ते पॅक छापखान्यात लावलेलं नाही आणि लावायची गरजही नाही, कारण २०२२ च्या आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ मूळ पॅकेजातच आलं. यूएसबी फिल्टरमध्ये डोंगलची नोंद केली की एक्सपी सुरू होताना ते आपोआप आत जातं. नेटवर्क बंद. काम सुरू करण्याआधी स्नॅपशॉट. खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसतं, कारण विंडोज ११ ची मेमरी इंटिग्रिटी चालू आहे आणि तिच्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला हळू चालावं लागतं. ती बंद करून वेग मिळवता येतो, पण बँकेचे व्यवहार होतात त्या संगणकाचं संरक्षण मी काढणार नाही. पत्रिका जुळवायला कासवाचा वेग पुरेसा आहे. लिनक्सवर असतो तर २००७ पासून त्याच्या गाभ्यातच असलेलं केव्हीएम वापरलं असतं. अधिकृत प्रतीनिशी व्हीएमवेअरही इथे चाललं असतं, डोंगल त्यालाही दिसतं. तेव्हा माझा राग तुमच्या निवडीतल्या नावावर नाही. समोरच्या माणसाचं काम न पाहता, खिशातल्या पेनड्राइव्हवर जे होतं ते तुम्ही निवडलंत, यावर आहे.

आणि सगळ्यात मोठा राग जुन्या संगणकाचा आहे. ‘एक्सचेंजमध्ये घेतो’ म्हणालात आणि काकांच्या देखत डिस्क फॉरमॅट केलीत. जुन्या डिस्कची प्रतिमा उतरवून तीच व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवता येते. मायक्रोसॉफ्टचंच डिस्क-टू-व्हीएचडी नावाचं फुकट साधन त्यासाठी आहे, व्हर्च्युअलबॉक्स व्हीएचडी वाचतं, आणि काही कारणानं ते जमलं नसतं तरी फाइलींची साधी नक्कल करायला एक संध्याकाळ पुरली असती. त्या डिस्कवर कितीतरी वर्षांच्या स्मरणिका होत्या. त्यांतले जुने लेख, गेलेल्या माणसांवरच्या आठवणी, रायपूरच्या मराठी घरांचे जुने फोटो दुसरीकडे कुठे आहेत, हे आता कोणालाच सांगता येत नाही. काका यावर काही बोलत नाहीत. मी बोलतो आहे.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. चिठ्ठीवरच्या किल्लीचे आणि क्रॅकचे पैसे परत करा. तीच पेनड्राइव्ह शहरातल्या ज्या छापखान्यांत, ज्या सीएंच्या कार्यालयांत लावलीत, तिथे स्वतः जा, ती प्रत काढा, अधिकृत प्रत चढवा आणि अँटिव्हायरस सुरू करून या. आणि ती जुनी डिस्क अजून तुमच्या दुकानात पडून असेल, तर तिच्यावर काहीही चढवू नका, ती सुरूसुद्धा करू नका. फॉरमॅट झालेल्या डिस्कवरच्या फाइली, वर नवं काही लिहिलं गेलं नसेल, तर पुष्कळदा परत काढता येतात. विकली असेल तर कोणाला विकली ते काकांना आजच कळवा. त्या माणसाला नवी डिस्क घेऊन देण्याचा खर्च मी करीन.

काकांचं एक जुनं गिऱ्हाईक