पानओव्याचे तीन संसार

झाडांच्या आनुवंशिकतेवर संशोधन करायला प्रयोगशाळा लागते, हा माझा समज कॅलिफोर्नियातल्या क्लॉसेन, केक आणि हीसी या त्रिकुटाने मोडला. हे लोक एकाच झाडाचे तुकडे करून स्टॅनफर्डला जवळजवळ समुद्रसपाटीवर, मॅथरला १४०० मीटरवर आणि टिंबरलाइनला ३००० मीटरच्याही वर लावत. किनाऱ्याकडची रोपं डोंगरमाथ्यावरच्या हिवाळ्यात मरत. वरची रोपं खाली सुखात आणून ठेवली तरी बुटकी ती बुटकीच. १९४० साली त्यांचा ग्रंथ निघाला. तो मी पाहिलेला नाही. भाचीच्या वहीत त्यावर दीड पान होतं, तेवढ्यावर मी शास्त्रज्ञ झालो.

आमच्या पुण्याच्या गॅलरीत पानओवा आहे. फांदी खोचली की रुजते, म्हणजे क्लोन आयतेच. एक फांदी घरी ठेवली, एक दापोलीला ताईकडे आणि एक महाबळेश्वरला चुलतभावाकडे धाडली, सोबत मोजपट्टी, वही आणि दर रविवारी उंची लिहायची सक्त ताकीद. मग महाबळेश्वरच्या वहिनीने ‘पावसात बिचारं कुजेल’ म्हणून कुंडी उचलून स्वयंपाकघरात गॅसशेजारी नेली, इकडे आईने आपलं झाड मागे पडू नये म्हणून त्याला गुपचूप तांदळाचं धुवण आणि चहाचा चोथा सुरू केला, आणि दापोलीची जोमाने चढणारी उंची एका रविवारी एकदम दोन बोटांवर आली, तेव्हा मी कीड, मूळकुज, खारं वारं अशी चार पानं कारणमीमांसा लिहून शेवटी फोन लावला. ताईने भजी केली होती.

भाचीने माझी वही वाचली. “मामा, तिन्ही फांद्या एकाच झाडाच्या, म्हणजे जनुकं तीच. फरक पडला तो नुसत्या हवापाण्याचा. तू सिद्ध काय केलंस, तर महाबळेश्वरला पाऊस जास्त पडतो.” जरा थांबून म्हणाली, “तेही नाही. कुंडी गॅसपाशी होती.”

जनुकांचा वाटा कळायचा तर वेगवेगळ्या मुलखांत पिढ्यानपिढ्या वाढलेली झाडं एकाच अंगणात शेजारी लावायची. तिथेही फरक टिकला तर तो रक्तातला. क्लॉसेन मंडळींनी तर डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या झाडांचा संकर करून दाखवलं की असा जम बसवण्यामागे एखादं नव्हे, पुष्कळ जनुकं असतात. इतकं ऐकल्यावर मी गप्प बसतो थोडाच! नागपूरची मावशी, नाशिकचे काका, गोव्याची आत्या, सगळ्यांकडून पानओवा मागवला. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या फांद्या आल्या, गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही, बायकोने बोलणं टाकलं, आणि गणपतीपर्यंत सगळी रोपं हुबेहूब एकसारखी वाढली. ‘मुलूख बदलला तरी पानओवा बदलत नाही,’ असं मी ठळक अक्षरांत लिहिलं.

आई चष्मा लावून कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होती. “ही नागपूरची? अरे, मावशीला मीच दिली होती, तिच्या वास्तुशांतीला. नाशिकला गेली ती तुझ्या मुंजीत.”

भाची ‘नमुने’ या रकान्यातली नावं एकेक करून खोडू लागली.

“गोव्याची तरी?” मी विचारलं.

“तीही आपलीच,” आई म्हणाली. “आत्याने विचारलंसुद्धा नव्हतं.”