गरीला लागलेली मोटारसायकल

मालवणात गरवायला निघालेल्या माणसाला "खंय चललास?" म्हणून विचारू नये. विचारलं की मासा लागत नाही. पण ज्याच्या स्प्लेंडरच्या कुशीला सांडपाण्याचा तीन इंची पाइप उभा बांधलाय, मागे थर्माकोलचा खोका आहे आणि हँडलला सुंगटांची पिशवी लोंबतेय, त्याला विचारायचं राहिलं काय? गाडीच गावभर बोभाटा करते.

ही स्प्लेंडर एका निवृत्त काकांची. त्यांच्या वडिलांना गरवायला गाडी लागत नसे. तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला, टोकाला शिसं आणि गरी, बाटली खिशात, की माणूस कोळंबच्या पुलावर चालत हजर. काकांनी मात्र रीळवाला रॉड घेतला. रॉड नऊ फुटी, गाडी जेमतेम साडेसहा फुटी. रॉडचे दोन तुकडे होतात, हे खरं. पण ते पाइपात उभे ठेवले की टोक काकांच्या डोक्याच्या वर जातं, आणि आचऱ्याच्या वाटेवर खाली आलेल्या फणसाच्या फांदीला ते नेमकं ठाऊक असतं. रॉडला पहिल्यांदा जे काही लागलं, ते झाडावर होतं.

पाइप बांधला कुठे, तर साडीगार्डला. मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निदान अर्धं चाक झाकणारा आडोसा हवाच, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो. म्हणजे साडीगार्ड ही सरकारची आज्ञा. काकांच्या गाडीवर आज्ञा शाबूत आहे, साडी तेवढी बसायची बंद झाली. "ह्या गाडयेर मी बसूचंय नाय," असं काकींनी एकदाच सांगितलं.

कारण खोका. थर्माकोल बर्फ छान टिकवतो, पण विरघळलेल्या पाण्यात मासा पडून राहिला की मऊ पडतो, म्हणून खोक्याला तळाशी भोक हवं. काकांनी ते हौसेनं पाडलं, सायलेन्सरच्या बरोब्बर वर. परतताना थेंब थेंब पाणी तापल्या नळीवर पडे आणि बाजारपेठेतून जाताना मासे भाजल्याचा असा दरवळ सुटे की ज्यांनी काही विचारलं नसतं तेही वळून विचारत, "काय गावला?" गावलेली असे एक शेंगटी. तिचा काटा मात्र काकांना आधीच गावलेला असे.

पुढचा प्रश्न पुळणीचा. देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे स्टँड रुतून गाडी हळूहळू आडवी होते, नमस्कार घातल्यासारखी. त्यावर नारळाचं सोडण स्टँडखाली देणं हा उपाय, आणि तो फुकट. चाकातली हवा कमी केली तर वाळूत टायर पसरून चालतं, हेही खरं. फक्त येताना ती हवा परत भरायला पंप लागतो. तो काकांनी घेतला. पंप ठेवायला दुसरा पाइप बांधला.

खाऱ्या वाऱ्याशी मात्र विनोद चालत नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि त्या ओल्या मिठात लोखंड व ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की वीजघटासारखं काम सुरू होऊन ॲल्युमिनियम झिजत जातं. वेल्डरने हौसेनं स्टेनलेसचे बोल्ट ठोकले, ते आजही लखलखतात; ज्यात ठोकले तो भाग पांढऱ्या भुकटीच्या रूपाने अंगणात पडतो. जळकं ऑइल फासलं तर गंज थांबतो, वर पुळण चिकटते. म्हणून परतल्यावर विहिरीच्या पाण्याने गाडीला आंघोळ, मग काकांना.

कायद्याची भीती काकांना आहे. नोंदणीपुस्तकातल्या माहितीशी जुळणार नाही असा फेरबदल मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम मना करतं, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर फेरबदलामागे 5000 रुपये दंड आला. म्हणून काकांचं बाकी सगळं सुंभाने बांधलेलं. एमएच-07 ची पाटी आणि वेल्डरचे ते बोल्ट सोडले तर गाठ मारल्याशिवाय काही नाही.

टाकीवर त्यांनी पंचांगाचं पान चिकटवलंय. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अष्टमीला भांग म्हणजे उणी भरती, पौर्णिमा-अमावास्येला उधाण. सगळ्या गाडीवर खरोखर उपयोगाची एवढीच एक गोष्ट आहे, आणि तीही पावसात भिजून तिची नवमी पुसली गेली. नवमीला काका घरी असतात.

अमेरिकेत रोकॉन नावाची मोटारसायकल निघते. तिची दोन्ही चाकं ओढतात, ती पोकळ असतात, त्यांत पेट्रोल किंवा पाणी भरता येतं, आणि रिकामी ठेवली तर गाडी पाण्यावर तरंगते. हे काकांनी वाचलं तेव्हापासून घरचे धास्तावले आहेत. वास्तविक मासळीसाठी नामी गाडी मालवणात रोज सकाळी दाराशी येते: मासळीवाल्याची टीव्हीएस एक्सएल. पुढे पायाशी सपाट जागा, तिथे एक क्रेट, मागे दुसरा, बांधायला ट्यूबची पट्टी, आणि कोपऱ्यावरून ऐकू येणारा भोंगा. तिच्यावर काळुंद्र, बांगडे, तारली सगळं असतं. रॉड नसतो.

मे महिन्यात कुडाळला भाचीचं लग्न होतं. काकी एसटीने गेल्या, काका गाडीने. खोका उतरवलेला, गाडी तीन वेळा धुतलेली, पाइपात अगरबत्ती खोचलेली. जेवणं आटोपून मंडळी बाहेर आली तेव्हा कार्यालयाच्या मांडवाबाहेर गाड्यांची ही गर्दी, आणि स्प्लेंडरच्या चहूबाजूंनी मात्र मोकळं अंगण. सीटवर दोन मांजरं बसली होती. तिसरं पाइपात डोकावून आत हाका मारत होतं.