वकील

तेल्हाऱ्यात वकील पुष्कळ. पण आमच्या गल्लीत नुसतं 'वकील' म्हटलं की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं एक पोट्टं हजर होतं. कोर्टाची पायरी त्यानं कधी चढलेली नाही. त्याचा साक्षीदार एकच, मोबाइलमधलं चॅटजीपीटी. २०२२च्या नोव्हेंबरात ते जगात अवतरलं. बाकीच्या पोरांनी त्याला गाइडच्या जागी बसवलं; यानं पिंजऱ्यात उभं केलं.

दोष घरच्या धंद्याचा. बाप कपाशीवाला. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा चालतो, १२ पर्यंत पैसे कापतात, त्यापुढे गाडी परत. ग्रेडर वरच्या पांढऱ्याशुभ्र थराला भुलत नाही. कोपरापर्यंत हात खुपसून आतली कवडी बाहेर काढतो. वकील उत्तरात तसाच हात घालतो.

परवा त्याला पूर्णा नदीवर टिपण करायचं होतं. आधी वहीत स्वतःचं लिहिलं, मग यंत्राला म्हणाला, "चुका काढ." यंत्रानं ठणकावलं, पूर्णा गोदावरीला मिळते. मराठवाड्यातली मिळतेच की! पण आपली बैतूलकडून उतरते, खारपाणपट्ट्यातून वाहते आणि चांगदेवजवळ तापीत शिरते. वकिलानं हे सुनावताच यंत्र गयावया करू लागलं: माफ करा, तुमचंच बरोबर. दुसऱ्या कुणी इथंच खटला मिटवला असता. यानं मुद्दाम खोटं टाकलं, "नाही, आमचीच गोदावरीले मिळते." पुन्हा माफी, पुन्हा तुमचंच बरोबर!

"काकाजी, हे तं उमेदवारावानी हाये," तो मला म्हणाला. "ज्याच्या दारात गेलं, त्याचंच म्हनते."

आणि ॲटलास उघडून बसला.

घरच्यांचे मात्र हाल. बापानं फवारणीचं प्रमाण विचारलं. यंत्रानं चुटकीसरशी सांगितलं, तरी हे पोट्टं औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसलं. पंप पाठीवर घेऊन बाप ताटकळला. "ऊन डोक्यावर आलं बे! मशीन सांगते ना?"

"मशीन फवारत नाही, बाबा. तुम्ही फवारता."

बाटलीवरचा आकडा निराळा निघाला. बाप काही बोलला नाही. त्यानं निमूटपणे बाटलीवरचं माप घेतलं.

हे लिहिलेलं मी वकिलाला वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी कागद परत आला. '१२ पर्यंत' या शब्दांखाली लाल रेघ आणि समासात एकच प्रश्न: कशावरून?

काल दुपारपासून मी कापसाच्या जुन्या पावत्या शोधतो आहे.