मंग मी बाभळीले पाणी देत होतो काय?

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला बाकी इंग्रजी येवो न येवो, 'ऑरेंज' तेवढं पक्कं येतं, अशी माझी समजूत होती. अंबिया असो की मृग, बहाराचा ताण तोडला की अख्ख्या घराचा जीव त्या फळात अडकलेला. त्याचं इंग्रजी नाव आम्ही कसं चुकू?

कृषी महाविद्यालयात शिकणारी भाची सुट्टीत आली आणि मामांना म्हणाली, "मामा, तुमच्या बगीच्यात ऑरेंजचं एकही झाड नाही."

"मंग मी इतके दिवस बाभळीले पाणी देत होतो काय वं?"

"हे मँडरिन आहे. नखानं साल निघते ना, ते मँडरिन. ऑरेंज म्हणजे आपली मोसंबी."

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. आमच्याकडे ही गोष्ट सहसा कोणी मेल्याशिवाय घडत नाही.

पोरगी मात्र खरं बोलत होती. मोसंबी वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं 'स्वीट ऑरेंज'च. पण रसवंतीच्या पाटीवर तिला 'स्वीट लाइम' म्हणतात, म्हणजे गोड लिंबू. ऑरेंज म्हणवणारं ऑरेंज नाही, लिंबू म्हणवणारं लिंबू नाही. खरं लिंबाच्या जातीचं जे आहे ते बिचारं जमिनीत. संत्र्याचा डोळा भरतात तो जंबेरीच्या खुंटावर, आणि त्याचं नाव कोणी घेत नाही.

पुढचं तर सोयरिकीचं प्रकरण. पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून ऑरेंज जन्माला आलं. मामांनी क्षणात निकाल दिला, "म्हंजे पोराचं नाव बापाले ठेवलं साहेबानं!"

बरं, 'ऑरेंज' हा शब्द तरी साहेबाचा कुठं? संस्कृतातलं नारंग फारसी-अरबीतून युरोपात गेलं आणि वाटेत त्याचा 'न' गळाला. आणि मँडरिन म्हणजे चिनी अंमलदारही, चिनी भाषाही. सौंसरच्या बगीच्यात चिनी अंमलदार लटकलेले आहेत, हे पटवारी खसऱ्यात कसं लिहील?

सरकारातही एकमत नाही. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं 'नागपूर ऑरेंज'ला. त्याच नागपुरातल्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेत मात्र 'नागपूर मँडरिन' म्हणतात. आमचा माल तिथल्या बाजारात उतरला की तोही नागपुरी होतो. आम्हाला सवय आहे म्हणा. 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. मग नागपूर गेलं, आम्ही मराठी बोलत मध्य प्रदेशात राहिलो. जिल्हा छिंदवाडा होता, तो 2023 मध्ये पांढुर्णा झाला. पाट्या बदलतात, झाडं जागची हलत नाहीत.

तेव्हा परीक्षेत मँडरिन लिहा, मार्क मिळतील. इकडे आलात तर मात्र संत्राच मागा. ऑरेंज म्हणणाऱ्याला आमच्याकडे भाव जरा चढाच सांगतात.