कंपनीनंच रद्द केलं तर बरं

रात्री उशिरा थ्री-फेज आली की अण्णा उसाला पाणी द्यायला निघतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी. मालक आलाय हे उसातल्या बिबट्याला आधीच कळलेलं बरं. खोडद गावात याचं कुणाला काही वाटत नाही, अण्णांना तर नाहीच. हेच अण्णा 2024च्या नोव्हेंबरात बालीला जावं की न जावं, या एका प्रश्नापायी अख्ख्या गावाच्या डोक्याला ताप होऊन बसले होते.

तिकिटं पुण्यातल्या पोरानं काढलेली. आईबापाच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून भेट. आणि नेमका नोव्हेंबर लागला न लागला तोच इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर लेवोतोबी लाकी-लाकी हा ज्वालामुखी फुटला. माणसं गेली. तेराव्या तारखेला राखेमुळे बालीची विमानं एकामागून एक रद्द होऊ लागली. अण्णांचं विमान पंधराला.

माणसं गेली हे ऐकून अण्णा खरोखर गप्प झाले होते. 2014च्या जुलैत शेजारच्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेलं, तेव्हा मदतीला धावलेल्यांइतकीच नुसती बघायला आलेली गर्दीही त्यांनी पाहिली होती. "तिकडं लोकांवर असा प्रसंग अन् आपण फोटो काढत हिंडायचं?" हा त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता. पण पोरानं सांगितलं की तो ज्वालामुखी आणि बाली यांच्यात सुमारे आठशे किलोमीटरचं अंतर आहे, म्हणजे साधारण खोडद ते बंगळुरू. दुःख खरं होतं. पण आठशे किलोमीटर म्हटल्यावर अण्णांचा हिशेब सुरू झाला.

अण्णांची जात गावोगाव आढळते. या लोकांना परदेशी जायचं असतं आणि 'सगळं ठरलं होतं हो, पण योग नव्हता' हेही सांगायचं असतं. दोन्ही एकदम साधायचं तर निर्णय दुसऱ्यानं घ्यावा लागतो. म्हणून अण्णा सल्ले गोळा करत निघाले. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात आडत्या म्हणाला, "जाऊन या, तेवढीच हवा पालट." भावकीतल्या थोरल्या वहिनींनी विचारलं, "पण कलेक्टरनं बंदी घातलीय का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. खरा विरोध आला तो राजकारणातून. वीस तारखेला विधानसभेचं मतदान आणि अण्णा परतणार एकोणीसला रात्री. राखेत अडकले तर दोन मतं गेली. आयुष्यात कशावर एकमत न झालेले दोन उमेदवारांचे कार्यकर्ते त्या दिवशी अण्णांच्या ओट्यावर एका सुरात म्हणाले, "जाऊ नका."

मग अण्णा विज्ञानाकडे वळले. आता खोडदच्या माणसाला विज्ञान शोधायला लांब जावं लागत नाही. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश परिसरात पसरल्या आहेत, ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांचं नाव इथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी दुर्बीण बघायला गावोगावच्या शाळा लोटतात. तिथं कामाला असलेल्या ओळखीच्या माणसाला अण्णांनी गाठलं. "एवढ्या मोठ्या डिशला राख दिसत नाही व्हय?"

"अण्णा, आम्हाला कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेले संदेश मिळतात."

"मला पंधराचा पाहिजे."

तरी त्या भल्या माणसानं समजावलं. कोरडी राख विमानातल्या हवामानाच्या रडारला दिसत नाही. इंजिनात ती वितळते आणि पात्यांना चिकटून बसते. 1982च्या जूनमध्ये तिकडेच, जावाजवळ, गालुंगुंगच्या राखेत एका जम्बो विमानाची चारही इंजिनं बंद पडली होती. बरंच खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरलं. अण्णांनी यातलं 'चारही बंद' एवढंच नेमकं उचललं आणि संध्याकाळपर्यंत घरोघर पोचवलं. ऑस्ट्रेलियात डार्विनला राखेवर लक्ष ठेवणारं केंद्र आहे हे कळल्यावर तर बाजारभावाआधी डार्विनची चौकशी होऊ लागली.

पण मला विचाराल, तर अण्णांना ना राखेची भीती होती ना इंजिनाची. गोम पैशात होती. आपण रद्द केलं तर तिकिटाचे पैसे बुडतात. विमान कंपनीनं रद्द केलं तर परत मिळतात. विमा काढावा, तर फुटून बसलेल्या ज्वालामुखीवर आता कोण भरपाई देणार? तेव्हा आधी कोण माघार घेतो एवढाच खेळ उरला होता. अण्णा रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे बसत. मागणं फार नेमकं असे: कुणाला इजा होऊ नये, पण थोडी राख यावी, पंधरा तारखेपुरती.

चौदाला वारा फिरला. पंधराला सकाळी निरोप आला: विमान वेळेवर. अण्णांचा चेहरा पडला. काकू मात्र चिवड्याचे डबे भरून, नव्या चपला घालून, केव्हाच गाडीत जाऊन बसल्या होत्या. "येताय, का मी एकटीच जाऊ?" चाळीस वर्षांत त्यांनी अण्णांना पर्याय दिल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा.

एकोणीसला दोघं परतले, वीसला दोन्ही मतं पडली. कुणाला, ते दोन्ही कार्यकर्ते अजून शोधताहेत. बाली कशी होती विचारलं, तर काकू देवळं, समुद्र, भाताची खाचरं सांगतात. अण्णा म्हणतात, "राखेचा कणसुद्धा दिसला नाही." तक्रारीच्या सुरात. पुढं 2025च्या जूनमध्ये तोच ज्वालामुखी पुन्हा उसळला आणि दिल्लीहून बालीला निघालेलं विमान अर्ध्या वाटेवरून माघारी वळलं, तेव्हा अण्णांनी पोराला पहाटे उठवून 'तरी मी म्हणत होतो' ऐकवलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात इथिओपियातला हायली गुब्बी फुटला आणि त्याची राख समुद्र ओलांडून गुजरात-राजस्थानावरून थेट दिल्लीपर्यंत आली. काही विमानं रद्द झाली. अण्णांकडे या खेपेला तिकीट नव्हतं, म्हणजे ठरवायचंही काही नव्हतं. तरी ते बागेत जाऊन द्राक्षाच्या पानांवरून बोट फिरवून आले आणि तलाठ्याला फोन लावला. राख बसून घड खराब झाले तर पंचनामा इथलं सरकार करणार का इथिओपियाचं, एवढं त्यांना आधीच लेखी हवं होतं.