लसावि काढा, काका!

यंदाच्या मार्चात आमच्या घरात एकच विषय शिजत होता. पोरीला सहावीला कुठे घालायचं? तिची शाळा पाचवीला संपत होती आणि माझी अक्कल त्याच्याही आधी.

चाळीत असतो तर हा प्रश्न पडलाच नसता. वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सातजण राहायचो. आईने मला म्युन्सिपाल्टीच्या शाळेत घातलं, कारण तिची घंटा आमच्या खोलीत ऐकू यायची. आईची शाळेची तपासणी तिथेच संपली. 2025च्या ऑगस्टमध्ये बीडीडीच्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या चाव्या मिळाल्या, त्यात आम्ही होतो. 500 चौरस फूट, घरात स्वतःचा संडास, आणि मजला चढला तशा अपेक्षाही चढल्या. लिफ्टमध्ये माणसं विचारू लागली, "कुठलं बोर्ड?" चाळीत बोर्ड म्हणजे कॅरम. मी पहिल्यांदा "कॉमन पॅसेजमध्ये ठेवलाय" असं उत्तर दिलं होतं.

त्यात 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मी मंडळाच्या कार्यक्रमात मातृभाषेतल्या शिक्षणावर वीस मिनिटं बोललो होतो. टाळ्याही मिळाल्या. 28 तारखेला सकाळी मी एका खासगी शाळेच्या फॉर्मच्या रांगेत होतो, तोंडाला रुमाल बांधून. फीचं पत्रक वाचलं तेव्हा वाटलं, शाळेबरोबर फ्लॅटही देतायत. रुमाल तसाच ठेवून परतलो.

मग म्युन्सिपाल्टी. इथेही आता आमच्या वेळेसारखं सोपं राहिलेलं नाही. पालिका आठ भाषांत शिकवते हे ठाऊक होतं. दप्तरापासून रेनकोटपर्यंत 27 वस्तू फुकट देते, हेही. पण 2020पासून 'मुंबई पब्लिक स्कूल' आलं. आधी सीबीएसई आणि आयसीएसई, मग केंब्रिज, मग आयबी. एकाच म्युन्सिपाल्टीत इतकी बोर्डं, आणि अर्ज जास्त आले की लॉटरी. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "परत लॉटरी? आत्ताच तर घर लागलं." नशिबाचा कोटा संपला असणार, असं तिचं गणित. उरली घरामागची मराठी शाळा. सेमी-इंग्रजी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून.

मी बँकेतला माणूस. तक्ता केल्याशिवाय मला भाजीसुद्धा आणवत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट काढलं. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे किमान एक शिक्षक, ग्रंथालय, मैदान, कुंपण, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं. एकूण चौदा रकाने झाले. बायकोने तक्ता पाहिला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "मुलगी आहे. आधी संडास बघून या."

दिवसा सुट्टी मिळेना. म्हणून एका गुरुवारी, ऑफिसातून सुटल्यावर, संध्याकाळी सातला घरामागच्या त्या शाळेत शिरलो. गेट उघडं, वर दिवे चालू. मी तक्ता काढला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि 'मुली' अशी पाटी असलेल्या दाराकडे निघालो. नळाला पाणी होतं, कड्या शाबूत होत्या. मी कडी वरखाली करून बघतोय तोच मागून आवाज आला.

"ओ! काय चाललंय?"

वॉचमन होता. हातात काठी. मी काय होतो, ते तुम्हीच बघा: पंचेचाळिशीचा बाप्या, काळोखात, टॉर्च घेऊन, मुलींच्या संडासाच्या दारात. जिभेवर एकच वाक्य आलं आणि ते शंभर टक्के खरं होतं.

"प्रवेशासाठी आलोय."

त्याचा चेहरा एकदम निवळला. "मग इथे काय करता? वर चला, सर बसलेत." त्याने मला दंडाला धरून जिना चढवला.

वर रात्रशाळा भरली होती. गिरणगावात अशा शाळा गिरण्या चालू होत्या तेव्हापासूनच्या. दिवसा पाळी, रात्री पाटी. गिरण्या गेल्या, शाळा उरल्या. बाकांवर डिलिव्हरीची पोरं, हॉटेलातली पोरं, घरकाम करणाऱ्या दोन बायका. सरांनी मला बघितलं आणि त्यांना भरून आलं. "या, या! लाजू नका. कितवीत सुटली?"

खरं सांगायचं तर संडासापासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हटलं, "सातवी."

"उत्तम. आठवीपासून चालू करू. अपूर्णांक आठवतात?" फळ्यावर त्यांनी लिहिलं: तीन छेद चार अधिक दोन छेद तीन. हातात खडू दिला. पंचवीस जण बघत होते. मी वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि पाच छेद सात लिहून मोकळा झालो.

सर शांतपणे म्हणाले, "पाऊणमध्ये अजून टाकलं आणि पाऊणपेक्षा कमी झालं?"

मागच्या बाकावरून कुजबुज आली, "लसावि काढा, काका. बारा." वळून बघितलं तर आमच्याच टॉवरच्या गेटवरचा सिक्युरिटीचा पोरगा. मला वाचवायला तो उठला. "सर, काका बँकेत असतात."

"अरे वा," सर म्हणाले, "हल्ली शिपायांनाही प्रमोशनला दहावी लागते."

मी असिस्टंट मॅनेजर आहे. मी मान डोलावली.

घरी आलो. बायकोने विचारलं, "संडास कसे आहेत?"

"चांगले आहेत," म्हटलं. "पाणी आहे, कड्या आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटताना ती स्वतः गेली. गेटवर तीन आयांशी बोलली, त्यातल्या एकीला बाईंचं नाव विचारलं, पोरीला खिचडीचा वास घ्यायला लावला आणि वीस मिनिटांत ठरवून आली. तक्त्याच्या मागे आता दूधवाल्याचा हिशोब असतो. पोरगी जूनपासून त्याच शाळेत जाते, दोन मैत्रिणींबरोबर, चालत. शनिवारी तिने अपूर्णांकांचा गृहपाठ काढला तेव्हा मला भाजी आणायला जायचं होतं.

गेटवरचा पोरगा रोज विचारतो, "काका, येताय ना संध्याकाळी?" आणि सरांचे फोन चालूच आहेत. फॉर्म भरलाय, दोन फोटो दिलेत, फक्त सातवीचा शाळा सोडल्याचा दाखला अडलाय. तो चाळ सोडताना पत्र्याच्या पेटीबरोबर कुठेतरी गेला. जांबोरी मैदानाच्या आसपास कुणाला सापडला तर कृपया गेटवर द्यावा. माझ्या मजल्यावर आणू नये.