अभ्यासक्रम राहू द्या, जिल्हाच बदला!

आयटीआयचे अभ्यासक्रम स्थानिक उद्योगांशी जुळत नाहीत, ही तक्रार आता इतकी मुरली आहे की तिलाच एक ट्रेड म्हणून मान्यता द्यायला हरकत नाही. पात्रता : समितीचं सदस्यत्व. प्रात्यक्षिक : 'उद्योगाभिमुख' हा शब्द एका पानात पाच वेळा बसवणं.

आमच्या मते चूक उद्योगांचीच आहे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० सालची. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन असे भरवशाचे ट्रेड आणि देशभर एकच अभ्यासक्रम. एवढी सोय असताना इचलकरंजीला एअरजेट माग आणायची काय घाई होती? चाकणला वेल्डिंगसाठी रोबोट कुणी सांगितले? नाशिकनं तर द्राक्षं खायची सोडून वायनऱ्या काढल्या!

अभ्यासक्रम बदलायचा तर फाइल दिल्लीला जाते. त्यापेक्षा जिल्हे बदलणं सोपं. एमआयडीसीनं प्लॉट देतानाच अट घालावी : कारखान्यातलं कोणतंही यंत्र जवळच्या आयटीआयमधल्या लेथपेक्षा वयानं लहान नसावं. जुळणीचा प्रश्न एका परिपत्रकात मिटेल.

केंद्रानं मात्र खर्चिक मार्ग धरला. मे २०२५ मध्ये १,००० सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर झाली. त्यातले १०,००० कोटी उद्योगांकडून यायचे आहेत. सूचना द्यायला उद्योग नेहमीच पुढे असतात. आता पाकीट काढायची वेळ आली आहे.

कारखानदारांचं ठरलेलं वाक्य असतं, 'कुशल माणूस मिळत नाही.' 'आम्ही देतो त्या पगारात' हे शब्द भाषणात वेळेअभावी गाळले जातात. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. शिकून झाल्यावर त्यांना नोकरी देणं मात्र बंधनकारक नाही. मग काय, मुदत संपली की जुना पोरगा गेटबाहेर, नवा आत. मशीन तेच, शिफ्ट तीच. जो अभ्यासक्रम कायम नोकरीसाठी कुचकामी ठरतो, तोच विद्यावेतनाच्या दरात चोख जुळतो!

म्हणून पुढच्या समितीला एकच विनंती. अभ्यासक्रम उघडण्याआधी प्रत्येक कारखान्याला विचारा, गेल्या वर्षीच्या शिकाऊ मुलांपैकी किती जणांना कायम केलं? तो आकडा हाती येईपर्यंत सगळं खापर मास्तरांच्या डोक्यावर फोडू नका.